उसनी ऊब

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा विषय सांगितला गेला तो असा : ‘हिवाळ्यातला पेहराव : नेटका, सोयीचा आणि खिशाला परवडणारा’. मी जरा चाचरलोच. नाशिक, पुणे, जळगाव या केंद्रांना हा विषय शोभला असता. रत्नागिरीत थंडीच्या कपड्यांवर बोलायचं तरी काय? इथे जानेवारीत दुपारी पंखा लागतो. फोन ठेवला आणि माळ्यावरची जुनी पेटी खाली काढून बसलो. तिच्यात निघालं ते असं : एक घोंगडी, दोन गोधड्या, आजीची धाबळी, वडिलांचा बिनबाह्यांचा करडा स्वेटर, काकांचा लष्करी बरानकोट आणि एक माकडटोपी, जिचा मालक कोण यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. या सगळ्यात रत्नागिरीत तयार झालेलं काय, तर फक्त गोधड्या. आणि रत्नागिरीच्या थंडीसाठी म्हणून दुकानातून विकत आणलेलं काय, तर काहीच नाही. मग वाटलं, बोलण्यासारखं आहे.

आधी थंडीचं बघू. हवामान खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं की थंडीच्या लाटेचा विचार सुरू होतो. समुद्रकाठच्या ठिकाणांना मात्र वेगळी मोजपट्टी आहे. तिथे पारा १५ अंशांपर्यंत आला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेला असला, तरी लाट म्हणता येते. म्हणजे आम्ही १५ अंशांवर कुडकुडतो ते काही लाडावलेपण नव्हे, त्याला सरकारी मान्यता आहे! एरवी जानेवारीतली पहाट इथे १८-१९ अंशांची आणि दुपार ३० च्या पुढची. बंदरावरून जरा आत, लांजा-संगमेश्वरकडे नदीकाठच्या गावांत गेलं, की गारठा वाढतो. दापोलीच्या पठारावर तर चांगलीच हुडहुडी भरते. आणि ही थंडी आम्हाला हवीच असते. डिसेंबरात रत्नागिरीकर एकमेकांना “थंडी पडली का?” असं विचारतात ते स्वतःच्या अंगासाठी नाही, हापूसच्या मोहोरासाठी. कलमांना थंडी सोसावी एवढीच प्रार्थना. माणसांचं काय, ती चुलीपुढे बसतील.

अशा मुलखात लोकरी कपडा ही गरजेतून आलेली वस्तू नव्हे. तो इथे आला तो कुणाच्या ना कुणाच्या पाठीवरून. घाट उतरून आलेल्या मेंढपाळाच्या, पलटणीतून परतलेल्या शिपायाच्या, मुंबईहून बोटीने आलेल्या चाकरमान्याच्या. त्यामुळे आमच्या थंडीच्या कपड्यांचा इतिहास म्हणजे खरं तर कोण कुठून आलं आणि कोण कुठे गेलं, याचाच इतिहास आहे.

सर्वांत जुना विक्रेता मात्र समुद्रातून आला होता. सतराव्या शतकाच्या मध्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राजापूरला वखार थाटली. त्यांना इथून मिरी आणि सुती कापड हवं होतं. पण विलायतेत त्यांच्यामागे एक तगादा होता : आपल्या देशाचं लोकरी कापडही तिकडे खपवा, सगळी चांदीच देऊन येऊ नका. आता राजापूरच्या घामट हवेत जाड विलायती बनात कोण अंगात घालणार? हिंदुस्थानभर कंपनीची हीच पंचाईत होती. ते कापड खपे ते सरदार-दरकदारांकडे. हत्तीच्या झुली, पालखीची आच्छादनं, खोगिराची अस्तरं, तंबू आणि मानाचे पोशाख यांसाठी. जुन्या मराठी कागदांत ‘बनात’ आणि ‘सकलाद’ असे शब्द येतात ते याच जातीच्या कापडांचे. सकलाद म्हणजे उंची, बहुधा तांबडं लोकरी कापड. इंग्रजी स्कार्लेट हा शब्दही त्याच्या नात्यातला मानतात.

या वखारीची पुढची कथा इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन गेला आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन वखार लुटली, त्याच्यासह इंग्रजांना कैद केलं. त्या लुटीच्या भरपाईचं घोंगडं (हा शब्द इथे अगदी चपखल बसतो) पुढे तेरा वर्षं भिजत पडलं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हाच्या तहातही राजापूरची भरपाई होतीच. व्यापार चालला, बंद पडला, पुन्हा चालला. पण विलायती लोकर कोकणातल्या सामान्य घरात शिरली नाही. तिला तिथे जागाच नव्हती, कारण तिथे आधीपासून घोंगडी होती.

घोंगडी ही घाटावरची. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, भरड आणि टोचणारी. वर्षाकाठी एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते, म्हणजे बऱ्यापैकी जड घोंगडीला तीन-चार मेंढरांचं वर्ष खर्ची पडतं. धनगर कातरणी करतात, त्यांच्या बायका लोकर पिंजून सूत काढतात, आणि विणतात ते सनगर. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे धागा ताठ राहतो आणि नवी घोंगडी पहिले काही महिने पत्र्यासारखी वाजते. कोल्हापूर जिल्ह्यातलं पट्टण कोडोली या कामासाठी नावाजलेलं. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. तिची घोंगडी महाग, ती देवाला किंवा जावयाला.

आमच्याकडच्या सह्याद्रीत गवळी धनगर आहेत, पण त्यांची संपत्ती म्हशी. मेंढरं येतात ती घाटावरून, दिवाळीनंतर. भात कापून झालं की मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरतात आणि शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंड्या आणि मुताने शेत खतावतं, त्याचा मोबदला धान्यात नाहीतर पैशात. या येण्या-जाण्यातूनच घोंगडी कोकणात रुळली. इथे ती थंडीसाठी कमी आणि पावसासाठी जास्त वापरली गेली, हे मुद्दाम सांगायला हवं. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पाठीवर इरलं आणि गड्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. भरड लोकर पाणी चटकन आत घेत नाही, आणि भिजली तरी अंगाला ऊब देते. पावसाळा संपला की तीच घोंगडी झटकून, उन्हात टाकून थंडीत अंथरायला-पांघरायला. जमिनीवर बसायला पाहुणा आला तर तीच. आज दुकानात ‘एकात तीन’ म्हणून जे विकतात ते आमच्या गड्यांकडे आजोबांच्या काळापासून होतं.

लोकरीचा दुसरा प्रवेश झाला देवघरातून. लोकरीला विटाळ नाही, असं मानत. त्यामुळे सोवळ्याला धुतलेलं सुती वस्त्र मिळालं नाही, किंवा पावसाळ्यात वाळलं नाही, तर धाबळी. माझी आजी पहाटे धाबळी नेसून स्वयंपाकाला लागे. लहानपणी मला वाटे, आजीची मजा आहे, तिला एवढ्या थंडीत लोकर मिळते. एकदा तिच्या मांडीवर बसलो तेव्हा कळलं की ती लोकर केवढी टोचते. आजी विधवा होती. थंडी असो की वैशाख, तिला त्यातून सुटका नव्हती. धर्माने दिलेली ऊब ही अशी, नको असली तरी घ्यायची.

आता गोधडी. घाटावर तिला वाकळ म्हणतात. आमच्या पेटीतली ही एकच वस्तू अस्सल इथली, आणि तिला कुणी कधी ‘कपडा’ मानलं नाही. नऊवारी लुगडं विरलं की त्याचे सरळ दोन तुकडे, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. आत जुनी धोतरं, परकर, फाटके सदरे, जिथे विरलं असेल तिथे ठिगळाला ठिगळ. मग उन्हाळ्यातल्या दुपारी ओटीवर पसरून चौघी चार कोपऱ्यांना बसायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यावर यायच्या. दोरा कित्येकदा लुगड्याच्याच काठातून ओढलेला. हात चालत आणि तोंडही. गावात कुणाकडे काय शिजतंय याचं निम्मं ज्ञान मला गोधडीच्या कडेला बसून झालेलं आहे. कापडाला चार जन्म होते : आधी लुगडं, मग गोधडी, मग बाळाची दुपटी, शेवटी पोतेरं. ऊब येते ती कापडाच्या जाडीने नव्हे, थरांमध्ये अडकलेल्या हवेने. पाच-सहा विरलेले पदर एका जाड पदरापेक्षा गरम, हे त्या बायकांना पदार्थविज्ञान न शिकता माहीत होतं.

मराठी साहित्यातही या पांघरुणाने जागा मिळवली आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या शतकात ‘पंचीकरण’ हे प्रकरण लिहिलं ते पोथीत नव्हे, लांबलचक पासोडीवर. पासोडी म्हणजे जाड सुताचं दुपदरी पांघरूण. कवीला कागद पुरला नसेल, पण पांघरूण पुरलं. त्या पासोडीचं कौतुक आपण करतो आणि ते रास्तच आहे. पण रत्नागिरीतल्या लाखो गोधड्यांची एक नोंदही कुठे नाही, कारण त्या मजुरीशिवाय झाल्या. ज्या कामाला दाम नाही त्याची दप्तरात ओळ नसते.

काकांच्या बरानकोटाकडे वळतो. रत्नागिरी आणि सातारा हे मुंबई इलाख्यातले पलटणीच्या भरतीचे प्रमुख जिल्हे. इथल्या डोंगरउतारावरच्या शेतीवर सगळ्या भावांची पोटं भरत नसत. एक मुंबईला जाई, एक पलटणीत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जो वेढा पडला, त्यात त्या अडकल्या होत्या. वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, पण तिथला हिवाळा पावसाळी आणि बोचरा. कोकणातल्या पोरांनी खरी थंडी पाहिली ती अशी, दुसऱ्याच्या युद्धात. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे पुतणे इटलीत होते. यशवंत घाडगे या कुलाबा जिल्ह्यातल्या नाईकाला १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव या शिपायाला १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथेच. काका १९४६ मध्ये परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक कांबळं, लोकरीचे मोजे आणि हा बरानकोट होता. पितळी बटणांचा, गुडघ्याखाली जाणारा, वजनाने एखाद्या वासराएवढा. गावात तो घालण्याजोगी थंडी एकदाही पडली नाही. तरी काका पौष महिन्यात बाजाराला जाताना तो घालायचे. घामाने निथळायचे, पण बटण काढायचे नाहीत. आम्ही पोरं हसायचो. आज वाटतं, इटलीच्या बर्फातून जिवंत परत आल्याची पावती होती ती. ती माणूस खिशात कशी ठेवील?

पलटण म्हणजे फक्त पगार नव्हता. धडका गणवेश, बूट, कांबळं आणि पेन्शन हे सगळं तिच्याबरोबर येई, आणि ज्यांना गावाने कधी धडकं नेसू दिलं नाही त्यांच्यासाठी तर हे फार मोठं होतं. दापोलीच्या कँपात पेन्शनर महार सुभेदार-जमादारांची वस्ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. १८९० च्या दशकात सरकारने महारांची भरतीच बंद केली, आणि तो दरवाजा लागला. १९१७ मध्ये युद्धाच्या गरजेपुरता किलकिला झाला, १९२१ मध्ये पुन्हा मिटला आणि खऱ्या अर्थाने उघडला तो १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा.

कपडा आणि मान यांचं नातं बाबासाहेबांनी किती नेमकं ओळखलं होतं, हे शेजारच्या महाडला डिसेंबर १९२७ मध्ये दिसलं. सत्याग्रह परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी लुगडं कसं नेसायचं हा विषय काढला. गुडघ्याशी आखडलेलं लुगडं आणि अंगभर कथलाचे-चांदीचे दागिने या तुमच्या जातीच्या खुणा म्हणून लादलेल्या आहेत, त्या टाका; लुगडं पायघोळ नेसा; फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या, असं त्यांच्या सांगण्याचं सार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका नव्या पद्धतीने नेसून आल्या. एक पैसा खर्च न करता पेहराव बदलण्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. ‘नेटका, सोयीचा, परवडणारा’ या तीन शब्दांत ‘मानाचा’ हा चौथा शब्द घालायला हवा, असं मला आकाशवाणीला सुचवायचं आहे.

कारण ऊब सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. आमच्या लहानपणी माजघरात आम्ही गोधड्यांत गुरफटलेले असायचो आणि पडवीत गडी गोणपाट पांघरून निजायचा. खाली घोंगडी, वर तरट. पहाटे तो आमच्या आधी उठून शेकोटी करायचा, म्हणून आम्हाला वाटायचं, त्याला थंडी वाजत नाही. खोताच्या घरी सावरीच्या कापसाची रजई आणि कुळाच्या घरी भाताचा पेंढा, ही तर गावोगावची गोष्ट. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नाहीशी करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा झाला १९४९ मध्ये. त्यानंतर कुळांच्या घरांत काय बदललं याचं मोजमाप जमिनीच्या सातबाऱ्यावर करतात. ते वळईवरच्या पांघरुणांवरही करता येईल.

यापुढचा मोठा पुरवठादार म्हणजे चाकरमानी. मुंबईतली पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत रत्नागिरीत जन्मलेली माणसं लाखाहून अधिक होती. बोटी चालत त्या पावसाळा सोडून, म्हणजे नेमक्या हिवाळ्यातही. उघड्या डेकवर रात्र काढायची. खारा वारा हाडात शिरे. म्हणून प्रत्येकाच्या वळकटीत एक कांबळं नाहीतर सोलापुरी चादर असे, आणि घरी पोचल्यावर ती आईच्या स्वाधीन होई. परतताना वळकटी हलकी. गिरण्या सुताच्या, त्यामुळे लोकर नव्हे, पण फलालीन मिळे. कटपिसातलं फलालीन आणून बाळाचं झबलं, टोपरं, आजोबांची बंडी शिवायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यातले कित्येक गावी परतले. त्या वर्षी गणपतीला मुंबईहून नवं कापड आलं नाही, हे आमच्या आळीतल्या पोरांनाही समजलं. विरलेल्या कापडाची गोधडी करायची तर आधी विरायला नवं कापड लागतं.

स्वेटर मात्र घरात विणला जाऊ लागला तो शाळकरी मुलींच्या हातांनी. शिवण, भरतकाम, विणकाम हे मुलींच्या शिक्षणाचं त्रिकूट होतं. लोकर येई कानपूरच्या ‘लाल इमली’ची किंवा पंजाबातल्या धारीवालची. पहिली गिरणी १८७६ ची, दुसरी १८८० ची. नंतर लुधियानाच्या लडी आल्या. कोकणात हौसेला बाह्या नसत, म्हणजे स्वेटर बिनबाह्यांचा. हे काटकसरीमुळे असं सगळे समजतात. लोकर वाचे हे खरंच. पण इथल्या हवेत सकाळी छातीला ऊब हवी आणि नऊ वाजता हात मोकळे हवेत, म्हणून तो बेत जमून गेला. वडिलांचा करडा स्वेटर सदऱ्यावर, कोटाच्या आत आणि उपरण्याखाली असा तीन ऋतूंत चालायचा.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं आणि एकाएकी विणकामाला वेगळाच अर्थ आला. मैदानी प्रदेशातले जवान सुती गणवेशात हिमालयाच्या उंचीवर गेले होते, हे हळूहळू कळत गेलं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, महाराष्ट्राची मान ताठ झाली, आणि देशभर बायका जवानांसाठी स्वेटर-मोजे विणायला बसल्या. माझी आई त्यांतली एक. जिला बर्फ म्हणजे मच्छीबाजारातला एवढंच माहीत, ती लडाखच्या मापाने सुया चालवत होती. गळा किती मोठा धरायचा यावर तिचा आणि शेजारच्या काकूंचा वाद झाला. काकूंचं म्हणणं, जवान धिप्पाड असणार. आईचं म्हणणं, आपल्यातलीच पोरं आहेत, आपल्याएवढीच असणार. शेवटी आईने आपल्या दिराच्या, म्हणजे काकांच्या मापाने विणला. ते बरानकोट घालून माप द्यायला उभे राहिले तेव्हा तिने पहिल्यांदा त्यांना तो काढायला लावला. शर्टाखाली काका अगदी किडकिडीत होते. आई काही बोलली नाही. तिने चार टाके कमी केले.

दुसऱ्यांच्या लढाईतून आणखी एक स्वेटर आपल्याकडे आला. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, आपल्याकडे तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव इथे त्यांच्या वसाहती झाल्या. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत लुधियानाचा माल उचलून मोठ्या शहरांत रस्त्याकडेला विकायचा, हा त्यांच्यातल्या अनेकांचा वर्षाचा आधार. आमच्या भागातले लोक कामानिमित्त कोल्हापूर-पुण्याला गेले की त्यांच्याकडून स्वेटर आणत. आम्ही त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणायचो आणि भाव पाडायचो. जगातल्या सर्वांत उंच पठारावरून हाकलले गेलेले लोक आम्हा उकाड्यातल्या माणसांना लोकर विकत होते. की लोकर तरी कसली, १९७० च्या दशकानंतर ते बहुतेक अॅक्रिलिकच होतं. कॅशमिलॉन म्हणून आम्ही मिरवायचो. हलकं, रंग पक्का, कसर लागत नाही, घरी धुता येतं आणि परवडतं. घरची विणाई थांबली ती या स्वेटरमुळे. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. एका स्वेटरला आईची महिन्याभराची दुपार जात असे, ती तिला परत मिळाली.

आता रत्नागिरीत गरम कपडा लागतो तो प्रवासाला. आंबा घाट चढणाऱ्या रातराणीत खिडकीची काच कधीच नीट बसत नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि वातानुकूलित डब्यात मे महिन्यातही शाल लागू लागली. पोरं बंगळूर-पुण्याच्या कचेऱ्यांत आठ तास गारठ्यात बसतात. आमचं हिवाळी कपाट आता यंत्राच्या हिवाळ्यासाठी आहे.

विषयाला धरून चार शब्द व्यवहाराचे सांगायचे तर, या किनाऱ्यावर एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. सुती सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, वर शाल किंवा मफलर. ऊन चढलं की एकेक काढून पिशवीत. दमट हवेत लोकरीला कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. म्हणून पावसाळ्याआधी कडकडीत उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून बंद पेटीत. आणि घोंगडी मिळाली तर जरूर घ्या, पण हातमागाची आहे का ते विचारून घ्या. यंत्रमागावरची, सरमिसळ धाग्याची घोंगडी त्याच नावाने विकली जाते. खरी घोंगडी हातात घेतल्यावर जड लागते, तिला मेंढराचा वास असतो, आणि उजेडासमोर धरली तर धागा कमी-जास्त जाडीचा दिसतो.

ती मिळणं मात्र दरवर्षी अवघड होतंय. ‘लाल इमली’ आणि धारीवाल दोन्ही गिरण्या बंद पडल्या, तो मोठ्या उद्योगाचा भाग झाला. पण दख्खनी मेंढीचंही दिवस पालटले. मेंढपाळाला पैसा मिळतो तो मटणाचा, म्हणून भराभर वाढणाऱ्या, अंगावर लोकर फारशी नसलेल्या माडग्याळसारख्या जाती कळपात वाढल्या. भरड लोकरीला गिऱ्हाईक नाही. सनगरांची पोरं माग सोडून कारखान्यात गेली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर चिपळूणकडे जाताना रस्त्याकडेच्या कापलेल्या शेतात कळप बसलेला दिसला, म्हणून थांबलो. मेंढपाळ म्हातारा होता, अंगावर लुधियानाचं निळं जॅकेट, छातीवर इंग्रजी अक्षरं. त्याला विचारलं, “मामा, लोकर काय करता?” म्हणाला, “कातरावी तर लागतीच, न्हाईतर जनावर तापतंय. कातरायची मजुरी बी निघत न्हाई. बांधाला टाकून देतो.” त्याच्या मागे खाटेवर एक काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. ती विकणार का, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. ती त्याच्या आईने कातलेल्या सुताची होती.